वाचकांचे प्रश्न : टायलिंग विंडो मॅनेजर आणि हलका डेस्कटॉप

टायलिंग विंडो मॅनेजर म्हणजे विंडो एकमेकींवर न टाकता पडद्यावर आपोआप शेजारी-शेजारी मांडणारा प्रोग्रॅम. त्याबद्दल खान्देशातून आलेली पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. कमांड आणि फाइलींची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापली आहेत. टाइप करताना ती इंग्रजीत, आणि वेगळे सांगितले नसेल तिथे लहान अक्षरांतच करावीत. ‘सुपर’ म्हणजे कीबोर्डवरचे विंडोजच्या चिन्हाचे बटण.

प्रश्न : केळीच्या आडतीच्या हिशेबासाठी 2012 सालचा लॅपटॉप आहे, रॅम 4 जीबी. विंडोज 10 चे अपडेट बंद झाले म्हणून लिनक्स टाकले; पण ब्राउझर आणि हिशेबाची शीट सोबत उघडली की सगळे अडकते. टायलिंग विंडो मॅनेजरने फरक पडेल का? सुरुवात कशी करावी?
– एक वाचक, रावेर

उत्तर : फरक पडेल, पण नेमका कुठे ते आधी बघा. नोमसारखा पूर्ण डेस्कटॉप काहीही न उघडता साधारण एक ते दीड जीबी रॅम अडवतो. आयथ्री हा टायलिंग विंडो मॅनेजर टाकलेले तेच मशीन बहुधा अर्ध्या जीबीच्या आसपास राहते. ‘फ्री -एच’ चालवून आधीचा आणि नंतरचा आकडा स्वतःच ताडून पाहा. 4 जीबीच्या मशीनला ही बचत मोठी आहे. ब्राउझर मात्र जेवढी रॅम खायचा तेवढी खाणारच. वीस टॅब उघडे असतील तर कोणताही विंडो मॅनेजर तुम्हाला वाचवणार नाही. लॅपटॉपमध्ये अजून फिरणारी हार्ड डिस्क असेल तर पहिला खर्च एसएसडीवर करा. तेवढ्याने जो वेग येतो तो दुसऱ्या कशाने येत नाही.

आमची शिफारस डेबियन 13 आणि आयथ्री. इन्स्टॉल करताना सॉफ्टवेअर निवडण्याचा पडदा येतो, तिथे डेस्कटॉपच्या सगळ्या खुणा काढा आणि फक्त ‘स्टँडर्ड सिस्टिम युटिलिटीज’ ठेवा. पहिल्यांदा काळ्या पडद्यावर लॉगिन येईल, घाबरू नका. त्यानंतर एप्टने (डेबियनची पॅकेज बसवण्याची कमांड) एवढी पॅकेजेस घ्या : झॉर्ग, आयथ्री, लाइटडीएम (लॉगिनचा पडदा), नेटवर्क-मॅनेजर-नोम (यात एनएम-ॲप्लेट येते), पाइपवायर-पल्स, वायरप्लंबर, पल्सऑडिओ-युटिल्स, पीसीमॅनएफएम आणि फायरफॉक्स-ईएसआर. मशीन पुन्हा सुरू करा.

इथे हमखास एक अडचण येते. इन्स्टॉलरने वायफायवरून डाउनलोड केले असेल तर त्या वायफायच्या ओळी ‘/ईटीसी/नेटवर्क/इंटरफेसेस’ या फाइलीत राहतात. या फाइलीत ज्या कार्डाचे नाव असते त्याला नेटवर्क मॅनेजर हात लावत नाही, आणि ॲप्लेटमध्ये ‘अनमॅनेज्ड’ असे दिसत राहते. त्या ओळींपुढे # टाका, लूपबॅकच्या म्हणजे ‘एलओ’च्या ओळी तशाच राहू द्या, आणि रीबूट करा.

आयथ्री पहिल्यांदा सुरू झाला की मुख्य बटण सुपर हवे की ऑल्ट असे विचारतो. सुपरच घ्या. ऑल्ट घेतलेत तर ऑल्ट-डी हे ब्राउझरचे पत्त्याच्या पट्टीचे बटण आणि ऑल्ट-एफ हे फाइल मेन्यूचे बटण, दोन्ही आयथ्री गिळून टाकतो. मग पहिल्या दिवशी एवढेच पाठ करा : सुपर-एंटर म्हणजे टर्मिनल, सुपर-डी म्हणजे प्रोग्रॅम शोधणे, सुपर-शिफ्ट-क्यू म्हणजे विंडो बंद, सुपर-एफ म्हणजे पूर्ण पडदा, आणि सुपरसोबत 1 ते 0 म्हणजे दहा वर्कस्पेस. हिशेब 1 वर, ब्राउझर 2 वर, व्हॉट्सॲप वेब 3 वर असे ठरवून टाका. आठवड्यात बोटे आपोआप जातात.

तुमच्या लॅपटॉपचा पडदा बहुधा 1366 × 768 असेल. आयथ्री नवी विंडो आधीच्या शेजारी लावतो. तिसरी उघडली की प्रत्येकीच्या वाट्याला जेमतेम 455 पिक्सेल येतात आणि शीटचे चार रकानेही दिसत नाहीत. बरेच जण याच पायरीवर कंटाळून टायलिंग सोडतात. आयथ्रीच्या सेटिंगच्या म्हणजे कॉन्फिग फाइलीत ‘वर्कस्पेस_लेआउट टॅब्ड’ ही एक ओळ घाला. विंडो टॅबसारख्या एकामागे एक राहतात, प्रत्येकीला पूर्ण रुंदी मिळते, आणि दोन शेजारी हव्या असतील तेव्हा सुपर-ई दाबले की झाले.

शेवटी झेडरॅम-टूल्स टाका आणि ‘/ईटीसी/डिफॉल्ट/झेडरॅमस्वॅप’ मध्ये पर्सेंट (हा शब्द मोठ्या अक्षरांत) 50 ठेवा. रॅम भरू लागली की सिस्टिम कमी लागणारा भाग दाबून रॅममध्येच ठेवते, डिस्कवर लिहीत बसत नाही.

प्रश्न : आयथ्री बसवला, आवडला. पण पेनड्राइव्ह उघडताना परवानगी नाही असे म्हणतो, ब्राइटनेसची बटणे मेली आहेत, झाकण उघडल्यावर पासवर्ड न विचारता सगळे समोर येते. काही चुकले का?
– अभियांत्रिकीचा विद्यार्थी, धुळे

उत्तर : चुकले काहीच नाही. विंडो मॅनेजर फक्त विंडो मांडतो. बाकीची कामे पूर्ण डेस्कटॉपमध्ये दहा-पंधरा छोटे प्रोग्रॅम मागच्या मागे करत असतात, ते आता तुम्ही नेमायचे आहेत. हे एकदा ध्यानात आले की पुढची प्रत्येक अडचण ‘हे काम कोणाचे?’ एवढ्या प्रश्नावर सुटते.

पेनड्राइव्हचे काम यूडिस्कीचे, आणि परवानगी विचारणारी चौकट दाखवण्याचे काम पॉलकिट एजंटचे. एजंट चालू नसेल तर विचारायला कोणीच नसते, म्हणून थेट नकार येतो. यूडिस्की आणि एलएक्सपॉलकिट ही दोन्ही पॅकेजेस टाका आणि कॉन्फिगमध्ये प्रत्येकासाठी ‘एक्झेक --नो-स्टार्टअप-आयडी’ने सुरू होणारी एक ओळ लिहा.

ब्राइटनेससाठी ब्राइटनेसकंट्रोल (पॅकेजच्या नावात कंट्रोलच्या जागी सीटीएल एवढीच अक्षरे आहेत). एक्सएफ86मॉनब्राइटनेसअप या बटणाला ‘सेट 5%+’ आणि डाउनला ‘सेट 5%-’ जोडा. ही बटणांची नावे मात्र लहान-मोठी अक्षरे जशीच्या तशी ठेवूनच लिहायची असतात. परवानगी नाकारली असा संदेश आला तर स्वतःला ‘व्हिडिओ’ गटात घाला; गट बदलला की लॉगआउट करून परत यावे लागते, नुसते नवे टर्मिनल उघडून भागत नाही.

झाकणाचे काम तिघांत वाटलेले आहे. मशीन झोपवते सिस्टमडी (लिनक्सच्या मागच्या सेवा सांभाळणारा प्रोग्रॅम), पण कुलूप लावते आयथ्रीलॉक, आणि झोपण्याआधी त्याला उठवणारा एक्सएसएस-लॉक असतो. आयथ्रीच्या मूळ कॉन्फिगमध्ये एक्सएसएस-लॉकची ओळ आधीच लिहिलेली आहे. बहुधा तुमच्याकडे ते पॅकेजच नाही. ते टाका, पुन्हा लॉगिन करा, काम झाले. सूचना दिसत नसतील तर डन्स्ट चालू आहे का पाहा. लिबनोटिफाय-बिन टाकून ‘नोटिफाय-सेंड चाचणी’ असे चालवले की लगेच कळते.

एक सावधगिरी. कॉन्फिगमध्ये ‘एक्झेक’ आणि ‘एक्झेक_ऑलवेज’ असे दोन शब्द आहेत. पहिला फक्त लॉगिनच्या वेळी चालतो. दुसरा सुपर-शिफ्ट-आर दाबून आयथ्री रीस्टार्ट केला की दर वेळी चालतो. यूडिस्कीसारख्या सतत चालणाऱ्या प्रोग्रॅमला ‘ऑलवेज’ लावला की रीस्टार्टगणिक नवी प्रत सुरू करण्याचा प्रयत्न होतो, आणि काही प्रोग्रॅम खरोखरच दोन-तीन प्रतींत चालू राहतात. वॉलपेपर लावून लगेच संपणाऱ्या फेहसारख्या कमांडला मात्र तो योग्य आहे.

प्रश्न : डीमेन्यूत (सुपर-डीने उघडणारी प्रोग्रॅम शोधण्याची पट्टी) आणि टर्मिनलमध्ये मराठी फाइलींची नावे तुटकी दिसतात. फॉन्ट बदलून पाहिले, उपयोग नाही. शिवाय आयबस या भाषा-टायपिंगच्या साधनाने मराठी टायपिंग एका लॉगिनमध्ये चालते, दुसऱ्यात नाही.
– ठिबक-साहित्याचे दुकानदार, अमळनेर

उत्तर : फॉन्ट बदलून हे सुटणार नाही, कारण दोष फॉन्टचा नाही. ‘ठिबक’ हा शब्द साठवला जातो तो ठ, मग ऱ्हस्व वेलांटी, मग ब, मग क या क्रमाने. वेलांटी दिसायला ठच्या आधी हवी, पण साठवणीत ती नंतर असते. तिला उचलून पुढे आणण्याचे, आणि ‘अनुदान अर्ज’मधला रफार ज वर चढवण्याचे काम हार्फबझसारखी लायब्ररी करते. डीमेन्यू आणि डीडब्ल्यूएम या दुसऱ्या टायलिंग विंडो मॅनेजरची पट्टी एक्सएफटी ही फॉन्ट काढणारी लायब्ररी वापरतात. एक्सएफटी अक्षरे आली त्या क्रमाने ठेवून मोकळी होते, म्हणून वेलांटी ठ आणि बच्या मध्ये जाऊन पडते आणि ‘अर्ज’मध्ये पाय मोडलेला र उघडा दिसतो.

म्हणून पँगो (हार्फबझच्या मदतीने अक्षरे जुळवून मांडणारी लायब्ररी) वापरणारी साधने घ्या. डीमेन्यूऐवजी रोफी. सूचनांसाठी डन्स्ट, तो पँगोवरच चालतो. आयथ्रीचे शीर्षक आणि खालची पट्टी यांसाठी कॉन्फिगमधली फॉन्टची ओळ ‘पँगो:’ने सुरू झालेली असली पाहिजे, आणि नोटो सॅन्स देवनागरी बसवलेला हवा (डेबियनमध्ये फॉन्ट्स-नोटो-कोअर). पॉलीबार ही दुसरी पट्टी दिसायला देखणी आहे, पण देवनागरीत तीही अडखळते; मराठी शीर्षके वाचायची असतील तर आयथ्रीची स्वतःची पट्टी आयथ्रीबारच बरी.

टर्मिनलची गोष्ट वेगळी. टर्मिनल प्रत्येक अक्षराला ठरावीक रुंदीचा चौकोन देतो, आणि जोडाक्षर त्या चौकोनात बसत नाही. एसटी, एक्सटर्म, अलाक्रिटी यांत मराठी तुटतेच. कॉन्सोल आणि किटी यांत बरेच वाचनीय दिसते, तरी कर्सर एखादे घर मागेपुढे होतो. मराठी मजकूर टर्मिनलमध्ये लिहूच नका. त्यासाठी माउसपॅड किंवा लिबरऑफिस उघडा. फाइली हलवायला पीसीमॅनएफएम आहेच.

आता टायपिंग. आयबस किंवा एफसीआयटीएक्स5 ला तीन एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल लागतात : जीटीके_आयएम_मॉड्यूल, क्यूटी_आयएम_मॉड्यूल आणि एक्समॉडिफायर्स (तिन्ही नावे मोठ्या अक्षरांत). लाइटडीएममधून आत गेलात की डेबियनची आयएम-कॉन्फिग ही तिन्ही भरून देते. काळ्या पडद्यावरून स्टार्टएक्सने गेलात आणि घरच्या फोल्डरात स्वतःची ‘.एक्सइनिटआरसी’ फाइल असेल, तर तो सगळा टप्पा गाळला जातो. तुमच्याकडे दोन लॉगिनमध्ये फरक पडतो तो बहुधा याच कारणाने. त्या फाइलीत ‘एक्झेक आयथ्री’च्या वर तिन्ही एक्सपोर्टच्या ओळी आणि ‘आयबस-डेमन -डीआरएक्स’ लिहा. आयबसचे भाषा बदलण्याचे मूळ बटण सुपर-स्पेस आहे, आणि आयथ्रीतही सुपर-स्पेसला वेगळे काम दिलेले आहे. दोघांपैकी एक बदलावेच लागेल. आयबसला कंट्रोल-स्पेस द्या.

इनस्क्रिप्ट येत असेल तर आयबसचीही गरज नाही. ‘सेटएक्सकेबीमॅप -लेआउट यूएस,इन -व्हेरिएंट ,मराठी -ऑप्शन जीआरपी:कॅप्स_टॉगल’ एवढ्या एका ओळीत कॅप्सलॉक दाबून भाषा बदलते. यूएस पहिलाच ठेवा आणि ‘मराठी’च्या आधीचा स्वल्पविराम विसरू नका. इंग्रजी लेआउट पहिला नसेल तर सुपर-डीसारखी बटणे आयथ्रीला ओळखू येत नाहीत.

प्रश्न : वर्गात प्रोजेक्टर लावला की कधी चित्र येत नाही, आणि वायर काढल्यावर एखादी विंडो गायब होते.
– प्राध्यापिका, शिरपूर

उत्तर : आधी पडदे हाताळणारी ‘एक्सरँडआर’ ही कमांड नुसतीच चालवा आणि जोडण्यांची नेमकी नावे पाहा (लहान-मोठी अक्षरेही तशीच ठेवायची). कुठे एचडीएमआय-1 असते, कुठे एचडीएमआय-ए-0. लॅपटॉपचा पडदा बहुधा ईडीपी-1. दोन्हीकडे तेच चित्र हवे असेल तर ‘एक्सरँडआर --आउटपुट एचडीएमआय-1 --मोड 1024x768 --सेम-ॲज ईडीपी-1’ (आकड्यांमधले अक्षर इंग्रजी एक्स). पडद्यांचे रिझोल्यूशन वेगळे असेल तर एका बाजूची कड कापली जाते, म्हणून लॅपटॉपलाही वर्गापुरता तोच मोड द्या. जुन्या व्हीजीए प्रोजेक्टरला कन्व्हर्टर लावला की पुष्कळदा प्रोजेक्टरची माहिती लॅपटॉपपर्यंत पोहोचत नाही आणि यादीत 1024 × 768 च्या वरचे काही दिसत नाही. शिकवायला तेवढे पुरते, त्यात वेळ घालवू नका.

विंडो गायब होत नाही. वायर काढली तरी एक्सच्या (पडद्यावर चित्र काढणारी यंत्रणा, म्हणजेच झॉर्ग) लेखी तो पडदा चालूच असतो, आणि तुमचे वर्कस्पेस तिथेच राहते. ‘एक्सरँडआर --आउटपुट एचडीएमआय-1 --ऑफ’ म्हटले की आयथ्री ते लॅपटॉपवर परत आणतो. दोन्ही कमांड सुपर-एफ7 आणि सुपर-एफ8 ला बांधून टाका. रोज तोच प्रोजेक्टर असेल तर पडद्यांची मांडणी लक्षात ठेवणारा ऑटोरँडआर घ्या. वर्गात एकदा ‘ऑटोरँडआर --सेव्ह वर्ग’ आणि घरी एकदा ‘--सेव्ह घर’ केले (नावे इंग्रजी अक्षरांत द्या) की वायर लावता-काढता मांडणी आपोआप बदलते.

प्रश्न : मे महिन्यात लॅपटॉप इतका तापतो की सगळे मंदावते. विंडो मॅनेजर बदलून थंड राहील का?
– एक वाचक, भुसावळ

उत्तर : खोलीतच 40 अंशांच्या वर तापमान असेल तर विंडो मॅनेजरचा वाटा फार थोडा. पंख्यातली धूळ काढा, जुनी थर्मल पेस्ट बदला, वीज वाचवणारे टीएलपी टाका. तरी दोन गोष्टी तुमच्या हातात आहेत. पायकॉम (विंडोंना सावल्या, पारदर्शकता असे परिणाम देणारा प्रोग्रॅम) वापरत असाल तर त्यातला ब्लर आणि सावल्या बंद करा. जुन्या ग्राफिक्सला ते काम जड जाते. पडदा फाटल्यासारखा दिसत नसेल तर पायकॉमच नको. दुसरे, पट्टीवरचे तापमान-नेटचा वेग दाखवणारे स्क्रिप्ट दर सेकंदाला चालत असतील तर प्रोसेसर झोपतच नाही. पट्टीला माहिती पुरवणाऱ्या आयथ्रीस्टेटसमध्ये ‘इंटरव्हल’ 5 किंवा 10 ठेवा.

प्रश्न : बीएसपीडब्ल्यूएम हा टायलिंग विंडो मॅनेजर टाकल्यावर नुसता काळा पडदा येतो. आणि डीडब्ल्यूएममध्ये बदल करून पुन्हा मेक (कोडमधून प्रोग्रॅम बनवण्याची कमांड) केले तरी जुनेच राहते.
– महाविद्यालयीन विद्यार्थी, नंदुरबार

उत्तर : बीएसपीडब्ल्यूएमला बटणे कळतच नाहीत, ते काम पूर्णपणे एसएक्सएचकेडी या वेगळ्या प्रोग्रॅमचे आहे. दोन्हींच्या नमुना फाइली स्वतःच्या ‘.कॉन्फिग’ फोल्डरात आपापल्या जागी कॉपी करा आणि बीएसपीडब्ल्यूएमआरसीला ‘सीएचमॉड +एक्स’ द्या. ती चालवण्याजोगी नसेल तर वाचलीच जात नाही. नमुन्यात टर्मिनल म्हणून यूआरएक्सव्हीटी लिहिलेले असते. ते तुमच्याकडे नसेल तर सुपर-एंटर दाबूनही पडदा काळाच राहतो, आणि माणसाला वाटते सगळेच बिघडले.

डीडब्ल्यूएममध्ये पहिल्या मेकला ‘कॉन्फिग.डेफ.एच’वरून ‘कॉन्फिग.एच’ तयार होते. त्यानंतर फक्त दुसरीच वाचली जाते. तुम्ही किंवा पॅचने पहिलीत बदल केला तर तो तिथेच पडून राहतो. ‘कॉन्फिग.एच’ काढून टाका, मग ‘सूडो मेक क्लीन इन्स्टॉल’, मग डीडब्ल्यूएममधून बाहेर पडून परत या, कारण चालू असलेली प्रत जुनीच असते. डेबियनवर लिबएक्स11, लिबएक्सएफटी आणि लिबझिनेरामा यांची ‘डेव्ह’ पॅकेजेस आधी हवीत. डीडब्ल्यूएमचा सगळा कोड दोन-अडीच हजार ओळींच्या आसपास आहे. सी शिकत असाल तर तो जरूर वाचा. रोजच्या कामाला मात्र आयथ्रीच सोयीचा.

प्रश्न : शाळेत 1 जीबी रॅमचे जुने 32-बिट संगणक आहेत. मुलांसाठी टायलिंग लावावे का?
– शिक्षक, चोपडा

उत्तर : नको. मुलांना मेन्यू आणि माउस हवा. डेबियन 13 चा 32-बिट इन्स्टॉलर नाही, अँटिएक्स हे हलके लिनक्स घ्या. त्यात आइसडब्ल्यूएम हा मेन्यूवाला विंडो मॅनेजर येतो, हलका आहे आणि मुलांना लगेच कळतो.

प्रश्न : एक्सऐवजी वेलँड या नव्या यंत्रणेवर चालणारा, आयथ्रीसारखाच स्वे आहे. थेट त्यावरच जाऊ का?
– एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : इंटेल किंवा एएमडी ग्राफिक्स असेल तर खुशाल जा. एनव्हिडियाचा स्वतःचा ड्रायव्हर असेल तर स्वेचे निर्माते त्याला पाठिंबा देत नाहीत. आयथ्रीची कॉन्फिग जवळपास तशीच चालते, पण आजूबाजूची साधने एक्सची असतात, ती बदलावी लागतात. फेहच्या जागी स्वेबीजी, आयथ्रीलॉकच्या जागी स्वेलॉक, एक्सएसएस-लॉकच्या जागी स्वेआयडल, पडद्याच्या फोटोसाठी ग्रिम आणि स्लर्प, एक्सक्लिपच्या जागी डब्ल्यूएल-क्लिपबोर्ड. सेटएक्सकेबीमॅप इथे चालत नाही. मराठी लेआउट कॉन्फिगमधल्या ‘इनपुट’ विभागात एक्सकेबी_लेआउट आणि एक्सकेबी_व्हेरिएंट या ओळींनी द्यायचा.

प्रश्न : ओपनबीएसडी ही लिनक्सहून वेगळी, युनिक्ससारखी सिस्टिम शिकतो आहे. तिथे आयथ्री टाकू की सोबत आलेला सीडब्ल्यूएम हा विंडो मॅनेजर पुरेल?
– संगणकशास्त्राचा विद्यार्थी, जळगाव

उत्तर : ‘पीकेजी_ॲड आयथ्री’ने आयथ्री येतो आणि व्यवस्थित चालतो. तरी आधी महिनाभर सीडब्ल्यूएम वापरा, कारण तो मूळ सिस्टिमचाच भाग आहे आणि त्याचे मॅन पेज वाचनीय आहे. तो पूर्ण टायलिंग नाही, पण ‘.सीडब्ल्यूएमआरसी’ फाइलीत ‘बाइंड-की 4-व्ही विंडो-व्हीटाइल’ असे लिहिले की सुपर-व्हीने चालू विंडो एका बाजूला आणि तिच्या गटातल्या बाकीच्या दुसऱ्या बाजूला उभ्या मांडल्या जातात. लॉगिनच्या पडद्यासाठी ‘आरसीसीटीएल इनेबल झेनोडीएम’ करा आणि घरच्या ‘.एक्ससेशन’ फाइलीत शेवटची ओळ ‘एक्झेक सीडब्ल्यूएम’ ठेवा. वर धुळ्याच्या उत्तरात सांगितलेली साधने इथे तशीच लागू नाहीत. सिस्टमडी नाही, त्यामुळे पेनड्राइव्ह ‘डूॲज माउंट’ने (डूॲज म्हणजे इथला सूडो) हाताने जोडायचा. ‘डिस्कलेबल एसडी1’ चालवून आधी भाग पाहा. फॅट असलेला पेनड्राइव्ह बहुधा ‘एसडी1आय’ असतो. आवाजासाठी ‘एसएनडीआयओसीटीएल आउटपुट.लेव्हल=0.5’, कुलपासाठी एक्सलॉक. लॅपटॉप असेल तर वीज सांभाळणाऱ्या एपीएमडीला ‘-ए’ हा पर्याय मोठ्या अक्षरात देऊन सुरू करा. बॅटरीवर असताना आणि काम नसताना प्रोसेसरचा वेग तोच खाली आणतो.